फोटो आमचा, दंड ड्रायव्हरचा

हाती पैसा खुळखुळू लागलेल्या मराठी माणसाची तीर्थक्षेत्रं बदलली आहेत. काशी-रामेश्वर आईवडिलांच्या वाट्याला गेलं, कर्ता माणूस केनियात मसाई माराला जातो. जुलै ते ऑक्टोबर हा तिकडचा पर्वकाळ. या दिवसांत मारात परदेशी पाहुण्याला माणशी दिवसाला 200 डॉलर नुसतं प्रवेशशुल्क पडतं. विमान, तंबू, छत उघडणारी लँड क्रूझर आणि भाड्याने घेतलेली 600 एमएमची लेन्स हे त्यावर. पुण्या-मुंबईहून खास फोटोग्राफीच्या सहली निघतात. बरोबर एक ‘मेंटॉर’ असतो. दुपारच्या जेवणानंतर तो लॅपटॉप उघडून सकाळची कमाई तपासतो, ‘कान कापला गेलाय’, ‘डोळा शार्प नाही’ असं सांगतो. परतल्यावर बालगंधर्वच्या कलादालनात प्रदर्शन भरतं. उद्घाटनाला निवृत्त वनाधिकारी, समई, पेढे, आणि भिंतीवर सहा फुटी सिंह. लोक समोर उभे राहतात, ‘अप्रतिम’ म्हणतात, अभिप्रायाच्या वहीत ‘निसर्गाविषयीची तळमळ जाणवते’ असं लिहून निघून जातात. हा फोटो मिळाला कसा, हे विचारायचं कुणाला सुचत नाही.

मला तेवढंच विचारायचं आहे. ज्यांना झोंबेल त्यांत माझे स्नेही आहेत, त्याला इलाज नाही.

मारातली एक सकाळ सांगतो. तिकडे कोरड्या ओढ्याला ‘लुगा’ म्हणतात. त्याच्या काठाने क्रोटनची गच्च झुडपं असतात. सिंहीण व्याली की पिल्लांना पहिले सहा-आठ आठवडे कळपापासून दूर अशाच झुडपात दडवते, आणि एका जागी वास साठू नये म्हणून अधूनमधून एकेकाला तोंडात धरून दुसऱ्या जागी नेते. त्या सकाळी तिचं हेच काम चाललं होतं. एक पिल्लू पलीकडे पोचलं होतं, दुसरं तोंडात होतं, बाकीची मागे गवतात होती. पहिल्या गाडीने ते पाहिलं. ड्रायव्हरांच्या रेडिओवर स्वाहिलीत दोन-चार शब्द झाले, आणि बघता बघता चारही बाजूंनी धुळीचे लोट उठले. या भागाचे नियम लेखी आहेत: एका प्राण्याजवळ पाचाहून अधिक गाड्या नकोत, पंचवीस मीटरच्या आत शिरू नका, मागे रांग असेल तर दहा मिनिटांत निघा, आखलेला रस्ता सोडू नका. त्या सिंहिणीभोवती वीसेक गाड्या होत्या आणि रस्त्यावर त्यातली एकही नव्हती.

आमच्या शेजारच्या गाडीत मराठी मंडळी होती, आवाज स्पष्ट येत होते. ‘सर, साइडने काय उपयोग? हेड-ऑन पाहिजे. त्याला सांगा ना पुढे घ्यायला.’ सरांनी ड्रायव्हरच्या खांद्यावर हात ठेवला. ‘माय फ्रेंड, लिटल फॉरवर्ड.’ ड्रायव्हरने मान हलवली, नको म्हणाला. मग मागून कुणीतरी टिपेचा विषय काढला, हसत हसतच. ड्रायव्हरने आधी डावीकडे, मग उजवीकडे लांबवर पाहिलं, रेंजरची गाडी दिसत नाही अशी खात्री केली, आणि गवतातून फिरवून गाडी नेमकी सिंहीण आणि झुडूप यांच्यामध्ये आणून उभी केली. इंजिन बंद केलं, कारण इंजिनाच्या थरथरीने फोटो हलतो, हे त्याला पाहुण्यांनीच कधीतरी शिकवलेलं. सिंहीण थांबली. तोंडात पिल्लू, मान किंचित खाली, आणि दोन्ही डोळे सरळ गाडीकडे. शटरांचा ताशा वाजावा तसा आवाज झाला. ती काही वेळ तशीच उभी राहिली, मग वळली, आणि पिल्लू उघड्या गवतात ठेवून त्याच्याशेजारी बसली.

सगळ्यांना हवा होता तो फोटो मिळाला. प्रदर्शनात लोक ज्या नजरेसमोर थबकतात ती हीच. सिंहीण कॅमेऱ्याकडे का पाहते आहे? कॅमेरा तिच्या वाटेत उभा आहे म्हणून. भिंतीवरच्या कितीतरी ‘हेड-ऑन’ फोटोंत त्या पंचवीस मीटरचं काय झालं ते चक्क लिहिलेलं असतं. आम्हाला फक्त वाचता येत नाही, किंवा वाचायचं नसतं.

थोड्या वेळाने रेंजर आलाच. त्याने ड्रायव्हरला खाली उतरवलं, कागद पाहिले, काहीतरी लिहून घेतलं. गाडीतल्या कुणाला त्याने काही विचारलं नाही, आणि गाडीतल्या कुणी वर पाहिलंही नाही. सगळे कॅमेऱ्यामागच्या पडद्यावर फोटो मोठा करून डोळा शार्प आलाय का ते बघत होते. एक वयस्कर गृहस्थ मात्र अस्वस्थ झाले. ‘दंड झाला वाटतं त्याला. वर्गणी काढू या का?’ त्यावर पलीकडून उत्तर आलं, ‘काका, शेवटच्या दिवशी टिप देणारच आहोत ना आपण.’ काका गप्प बसले.

या उत्तरात आमचा सगळा समाज बसलेला आहे. गावाकडे पूर्वी बोकड कापायला मुलाण्याला बोलावत. सुरी त्याच्या हातात, रक्त त्याच्या अंगणात, आणि रस्सा ओरपून झाल्यावर ‘आम्हाला बुवा मारलेलं बघवत नाही’ असं म्हणायला आम्ही मोकळे. मारातला ड्रायव्हर आमचा नवा मुलाणी आहे. नियम मोडतो तो, परवाना जातो त्याचा, बोलणी खातो तो. आम्ही नुसते फोटो काढतो. ‘मी कुठे काय केलं? मी फक्त बटण दाबलं’ हे वाक्य इतक्या निरागसपणे म्हटलं जातं की म्हणणाऱ्याचं स्वतःवरचं प्रेम पाहून आपल्यालाच भरून यावं.

‘असं काय होतं त्याने? सिंहांना गाड्यांची सवय झालीय, गाडीच्या सावलीत येऊन झोपतात की!’ हा पुढचा युक्तिवाद. झोपतात, खरं आहे. सिंह दिवसाचे वीस-वीस तास झोपू शकतो आणि उघड्या माळावर सावली मिळेल तिथे पडतो. पण झोपलेल्या नराची सवय आणि पिल्लं हलवणाऱ्या आईची सवय एक नव्हे. याच मारात चित्त्यांवर झालेला अभ्यास 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. फेम्के ब्रुकहाउस या संशोधिकेने पाहिलं की जिथे पर्यटकांच्या गाड्या कमी तिथे चित्त्याची मादी सरासरी 2.3 पिल्लं स्वतंत्र होईपर्यंत जगवते, आणि जिथे गाड्यांची गर्दी तिथे 0.2. म्हणजे गर्दीच्या भागात पाच माद्यांमागे मोठं होणारं पिल्लू एक. कुणीही त्या पिल्लांवर गोळी झाडली नव्हती. अंदाज असा की गाड्यांच्या गराड्यात आईची शिकार हुकते, मिळालेली शिकार टाकून ती निघून जाते, तिची आणि पिल्लांची ताटातूट होते, आणि पिल्लं कमी होत जातात. चित्ता सिंहापेक्षा बुजरा आणि दिवसाउजेडी शिकार करणारा, म्हणून घाव त्याच्यावर आधी दिसला. दोन पॉइंट तीन आणि शून्य पॉइंट दोन. हे आकडे फोटोखाली लेन्सचं नाव, शटरचा वेग आणि आयएसओ लिहितात तिथे लिहायला काय हरकत आहे?

हे सगळं आफ्रिकेत घडतं असं समजून कुणी सुटकेचा श्वास सोडू नये. 31 डिसेंबर 2024. नागपूरजवळचं उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य. एफ-2 नावाची वाघीण पाच बछड्यांसह रस्त्यावर आली आणि पुढून-मागून जिप्सी लावून तिची वाट अडवली गेली. वर्षाचा शेवटचा दिवस, सहकुटुंब सफारी, सगळ्यांचे मोबाइल वर. त्याचा व्हिडिओ फिरला, मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली, वनखात्याची खरडपट्टी निघाली. पण पहिली कुऱ्हाड पडली ती कुणावर? जिप्सीचालक आणि गाईड यांच्यावर. ते निलंबित झाले, त्यांना दंड झाला. ही आजूबाजूच्या गावांतली पोरं. रोजच्या फेऱ्यांवर त्यांचं घर चालतं, आणि फेरीत ‘सायटिंग’ झालं नाही तर पाहुणा तोंड वाकडं करून उतरतो हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. चूक त्यांची होती, शिक्षाही व्हायला हवी होती. मला प्रश्न पडतो तो मागच्या बाकांवर बसलेल्यांचा. त्यांच्यातल्या एकाने जरी ‘भाऊ, तिला जाऊ द्या, गाडी मागे घ्या’ म्हटलं असतं, तर त्या जिप्सीला पुढे काढायचं कारण उरलं नसतं. तसं कुणी म्हटलं नाही, कारण मागे घेतलेल्या गाडीतून स्टेटसला टाकण्याजोगं काही मिळत नाही.

आणि सिंह पाहण्यासाठी विमानाने जायचीही गरज नाही. गीर आपल्या शेजारच्या राज्यात आहे. तिथल्या सासणमध्ये अनेक वर्षं वनखात्याच्याच देखरेखीखाली ‘लायन शो’ होत. म्हशीचं पारडू बांधायचं, सिंह यायचे, पाहुणे फोटो काढायचे. 1987 मध्ये हे बंद झालं. त्याच सुमारास, 1987-88 मध्ये, सौराष्ट्रात भीषण दुष्काळ पडला. त्यानंतर माणसांवर होणारे सिंहांचे हल्ले वर्षाला सरासरी सातच्या आसपास होते ते चाळिसावर गेले. अभ्यासकांनी दुष्काळाबरोबर या बंद झालेल्या खेळांकडेही बोट दाखवलं. सिंहांना माणसाजवळ येण्याची आणि आयतं खाण्याची सवय लागली होती. खाणं बंद झालं तरी माणसाजवळ येणं सुटलं नव्हतं. त्या हल्ल्यांत जे सापडले त्यांच्याकडे कॅमेरा नव्हता. ते गावातले शेतकरी होते, गुराखी होते. ज्यांनी पाहुणा म्हणून पारड्याचे पैसे दिले ते मुंबई-अहमदाबादला आपल्या घरी अल्बम चाळत होते.

सरकारी खेळ थांबला, पण गरज कुठे थांबली होती? अभयारण्याच्या कडेच्या शेतांतून रात्रीचे चोरटे ‘शो’ सुरू झाले. मोबाइलवर निरोप, शेताच्या बांधावर जीप, बॅटरीचा झोत, आणि समोर बांधलेलं जनावर. 2018 मध्ये सिंहिणीपुढे जिवंत कोंबडी नाचवणाऱ्या एका माणसाचा व्हिडिओ देशभर पाहिला गेला. धरपकड झाली, पुढे खटला चालून शिक्षाही झाल्या. 2025 च्या गणनेत गुजरातेत 891 सिंह मोजले गेले आणि त्यातले अर्ध्याहून अधिक संरक्षित जंगलाबाहेर, म्हणजे शेतांत, बागांत, खाणींच्या आणि रेल्वेच्या आसपास राहतात. ज्या वाडीत रात्री पाण्याची पाळी देण्यासाठी बाई एकटी उठते, तिथल्या सिंहाला ‘माणूस म्हणजे खाणं’ हा धडा देणाऱ्या गिऱ्हाइकाला आपण अजूनही ‘हौशी पर्यटक’ म्हणतो.

ही परंपरा जुनी आहे हेही मान्य करू. कार्ल गेऑर्ग शिलिंग्ज नावाच्या जर्मन गृहस्थाने पूर्व आफ्रिकेत रात्रीच्या अंधारात सिंहांचे फोटो काढले आणि 1905 च्या त्याच्या पुस्तकाने युरोप वेडा झाला. सिंहीण झेपावते आहे असे ते फोटो. ज्यावर ती झेपावते तो बैल शिलिंग्जनेच खुंट्याला बांधून ठेवलेला होता. त्याच्याकडे बंदूकही होती आणि ती तो लपवत नव्हता, पुस्तकाच्या नावातच तिचा उल्लेख आहे. एवढा सरळपणा आमच्या मंडळींत असता तरी चाललं असतं. आमची मंडळी कॅमेरा गळ्यात घातला की ‘संवर्धक’ होतात.

आता ज्यांच्या भूमीवर आम्ही हे सगळं करतो त्यांच्याकडे वळतो. मराठी प्रदर्शनांत मारातलं गवत असतं, बाभळीचं छत्रीसारखं झाड असतं, सूर्य असतो, सिंह असतो. मसाई नसतो, आणि त्याच्या गाई तर नसतातच. चौकटीत चुकून शिरल्याच तर संगणकावर कापल्या जातात. मसाई प्रदर्शनात येतो तो लाल शुका गुंडाळून उड्या मारताना, ‘संस्कृती’ या भिंतीवर. सिंहाशी त्याचं नातं काय, तर रात्री गोठ्यात शिरून गाय मारली की त्याच्या मुलीच्या शाळेचे पैसे गेले. डिसेंबर 2015 मध्ये मारातल्या ‘मार्श प्राइड’ या कळपाला विष घालण्यात आलं. बीबीसीच्या ‘बिग कॅट डायरी’मुळे हा कळप जगभर घराघरात पोचला होता. त्यातली सतरा वर्षांची बीबी नावाची सिंहीण तडफडून मेली. गाई मारल्या म्हणून चिडलेल्या गुराख्यांनी मेलेल्या गाईत विष मिसळलं होतं. गाई नियम मोडून अभयारण्यात चरायला घातल्या होत्या, आणि विष घालणं हा गुन्हाच आहे, त्याची सफाई मी देणार नाही. पण त्या वेळी जगभरच्या फोटोग्राफरांनी ‘आमची बीबी’ म्हणून जो टाहो फोडला, त्यात ‘तुमची गाय’ हा शब्द शोधून सापडत नव्हता.

शेजारच्या सेरेंगेटीतून मसाईंना 1959 मध्ये हलवण्यात आलं. उद्यान रिकामं हवं होतं, चित्रातल्यासारखं. जून 2022 मध्ये लोलिओंडोत दीड हजार चौरस किलोमीटर जमिनीवर टांझानिया सरकारने खुंट्या ठोकायला घेतल्या तेव्हा मसाई आडवे आले. गोळीबार झाला, एक पोलीस मारला गेला, हजारो माणसं सीमा ओलांडून केनियात पळाली. त्याच मोसमात सीमेच्या दोन्ही बाजूंना आमच्या सहली चालू होत्या. त्या वर्षीच्या कुठल्याही प्रदर्शनात मला लोलिओंडोचं नाव दिसलं नाही. धरणात गाव गेलेली माणसं, व्याघ्रप्रकल्पातून उठवलेली गावं, मेळघाट, ताडोबा, कोयना ही नावं ज्या महाराष्ट्राला तोंडपाठ आहेत, त्या महाराष्ट्राच्या डोळ्यांना केनियाचं आभाळ लागलं की इतकं कमी दिसू लागावं?

‘मग काय, जाऊच नये?’ असं विचारणारे आहेत. जावं. पर्यटनाच्या पैशावर जंगल टिकतं हे म्हणणं खोटं नाही, उलट मारात त्याचा चांगला दाखला आहे. अभयारण्याच्या उत्तरेला मसाईंच्या मालकीच्या जमिनी एकत्र करून ‘कॉन्झर्व्हन्सी’ उभ्या राहिल्या, ओलारे मोटोरोगी, नाबोइशो अशा. तिथे जमीनमालकाला दरमहा भाडं मिळतं, तंबूंची संख्या मर्यादित असते, एका सिंहाजवळ मोजक्याच गाड्या थांबतात. ही सफारी महाग आहे. म्हणूनच ‘पाच दिवसांत बिग फाइव्ह’ छापणाऱ्यांना ती परवडत नाही. माझी तक्रार जाण्याबद्दल नाही. 200 डॉलर भरले म्हणजे सिंहिणीची वाटही विकत घेतली, असं समजणाऱ्या मिजाशीबद्दल आहे. हीच मंडळी पुण्यात सिग्नल तोडणाऱ्या रिक्षावाल्यावर समाजमाध्यमांत अग्रलेख लिहितात.

दक्षिण आफ्रिकेतल्या सिंहाच्या छाव्याला मांडीवर घेऊन काढलेल्या फोटोंबद्दल तर बोलायलाच नको. आईपासून तोडलेला तो छावा मोठा झाला की कुंपणातल्या शिकारीसाठी विकला जातो आणि त्याची हाडं आशियात जातात. 2018 मध्ये तिथल्या सरकारने 1,500 सांगाड्यांच्या निर्यातीचा कोटा ठरवला होता. मे 2021 मध्ये त्याच सरकारला ही पैदास बंद करण्याचं धोरण जाहीर करावं लागलं. आमच्या हनिमूनच्या अल्बमांत ते छावे अजून आहेत.

दोष एकट्या कॅमेरावाल्याचा नाही, हेही नोंदवून ठेवतो. मागणी बाजारात तयार होते, आणि हा बाजार भरवणारे तुम्ही-आम्ही आहोत. दूरवर गवतात अर्धवट दिसणारा, पाठमोरा, आपल्या वाटेने चाललेला सिंह आम्ही बोटाने पुढे सरकवतो. डरकाळी फोडणारा, रक्ताने तोंड माखलेला, थेट आमच्याकडे पाहणारा सिंह आला की हजारोंनी बदाम उमटतात. स्पर्धांचे परीक्षक तेच निवडतात, वर्तमानपत्रांच्या रविवार पुरवण्या तेच छापतात. 2009 ची ‘वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर’ ही जगातली मानाची स्पर्धा एका फाटकावरून उडी घेणाऱ्या लांडग्याच्या फोटोने जिंकली होती. तो लांडगा पाळीव असल्याचं दिसून आल्यावर बक्षीस काढून घेतलं गेलं. प्रश्न विचारला की उत्तर मिळतं, हे तिथे सिद्ध झालं. आमच्या कॅमेरा क्लबांच्या प्रवेशअर्जात कॅमेऱ्याचं मॉडेल, लेन्स, फाइलचा आकार यांचे रकाने आहेत. अंतर किती, भोवती गाड्या किती, गाडी रस्त्यावर होती का, असे तीन रकाने आणखी घालायला कागद कमी पडणार नाही. लोक खोटं लिहितील? लिहोत. निदान खोटं लिहावं लागलं एवढं तरी त्यांना रात्री आठवेल.

आणि सहलवाल्यांकडे एक मागणी आहे. पुढच्या जुलैची माहितीपत्रकं दिवाळीच्या सुमारास निघतील. त्यात ‘अनुभवी मेंटॉर’, ‘प्रत्येकाला स्वतंत्र खिडकी’, ‘बीन बॅग मोफत’ यांच्या खाली ठळक अक्षरात एक कलम छापावं: ड्रायव्हरला गाडी पुढे घ्यायला सांगितल्यास होणारा दंड सांगणाऱ्या पाहुण्याच्या अनामत रकमेतून कापला जाईल, आणि त्याचं नाव गटाच्या समोर वाचून दाखवलं जाईल. मग बघू या, किती जागा भरतात.